‘हँग आउट’ म्हंजे नक्की करायचं काय असतंय?

एका जुन्या विद्यार्थिनीचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो म्हंजे पुढचं डोक्यात बसंल. पोरगी उचगावची, घरात बसून अमेरिकेतल्या एका टीमसाठी काम करती, आता कंपनी तिला थोड्या दिवसांसाठी ऑस्टिनला पाठवणार आहे. परवा कॉलवर तिथला एक सीनिअर बोलता बोलता म्हणाला, "व्हेन यू आर इन ऑस्टिन, वी शुड हँग आउट." हिनं हसून मान हलवली, कॉल संपल्यावर डिक्शनरी उघडली तर त्यात पहिल्यांदाच दिसलं बाहेर टांगणे, वाळत घालणे. मग मैत्रिणींना विचारलं, तर एक म्हणाली अगं डेटला बोलावलंय तुला, दुसरी म्हणाली काय नाही, व्हिडिओ कॉल करू म्हणत असंल. शेवटी मला मेसेज. सर, ह्याचा अर्थ काय, हा शब्द चांगला आहे का वंगाळ, आणि मी उत्तर काय देऊ? आणि खाली अजून एक ओळ, की तोच सीनिअर व्हिसाच्या लेटरबद्दल ‘हँग टाइट’ म्हणाला, ते काय असतंय.

आधी सरळ उत्तर देतो. हँग आउट म्हंजे काही ठरवून न करता कुणाबरोबर तरी निवांत वेळ घालवणे. शब्द चांगला आहे, त्यात वंगाळ काही नाही, फक्त बोलण्यातला आहे, अर्जात-निबंधात घालायचा नाही. डेटचं म्हणशील तर ह्या वाक्यावरनं तसं काही निघत नाही. बाकीचं सविस्तर सांगतो, कारण क्लासमध्ये हा शब्द सगळ्यांना ‘येतो’, पण वापरताना दहातली आठ पोरं चुकत्यात.

संध्याकाळी मित्राला फोन लाव. "काय करालायस?" "काय नाही, बसलोय." "कुठं?" "रंकाळ्यावर." "कोण कोण हाईत?" "हीच की आपली पोरं, ये की." आता ह्या ‘बसलोय’मध्ये बसण्याला काही किंमत नाही, तिथं चौघं कदाचित उभीच असतील गाडीला टेकून, एकजण भेळ खात असंल, एकजण मोबाईलमध्ये असंल. तरी उत्तर ‘बसलोय’ असंच येणार. इंग्लिशमध्ये ह्या जागी लोक काय म्हणतात? "व्हॉट आर यू अप टु?" "नथिंग मच, जस्ट हँगिंग आउट." एकास एक बसतंय बघ. ‘काय नाही’ला ‘नथिंग मच’ आणि ‘बसलोय निवांत’ला ‘जस्ट हँगिंग आउट’. ह्यातला ‘जस्ट’ पण सोडायचा नाही, तो आपल्या ‘निवांत’चं काम करतोय, म्हंजे समोरच्याला कळतंय की तू येऊन बसलास तरी कुणाचं काही अडणार नाही.

आता ह्यातली मुख्य गोष्ट, जी डिक्शनरीत एका ओळीत असते आणि म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही. हँग आउटमध्ये काम नसतंय. कार्यक्रम ठरला की क्रियापद बदलतं. समजा तुम्ही चौघी सकाळी गाड्या काढून पन्हाळ्याला गेलात. तर "वी वेंट टु पन्हाळा", इथं हँग आउट कुठंच नाही. वर गेलात, तीन दरवाजा बघितला, अंधारबाव बघितली, फोटो काढले, ते साइटसीइंग. मग झुणका-भाकरी खाऊन तटबंदीजवळ सावली बघून बसलात, वारं लागतंय, कुणाला उठायची इच्छा नाही, आणि बघता बघता दोन तास गेले, तर ते दोन तास म्हंजे "वी हंग आउट देअर फॉर अ कपल ऑफ अवर्स." शाहू स्टेडियमवर मॅच असली तर तसंच. पाटाकडील आणि दिलबहार ह्या कोल्हापूरच्या फुटबॉल टीमांची मॅच बघत असताना कोण हँग आउट करत नाही, तिथं माणूस घसा बसेपर्यंत ओरडत असतोय. मॅच सुटल्यावर चौकात थांबून तो गोल ऑफसाइड होता का नव्हता ह्याच्यावर जी एक तास भांडणं चालत्यात, ते हँग आउट.

म्हणून मला "लेट्स हँग आउट टु डिस्कस द प्रोजेक्ट" हे वाक्य ऐकलं की कसंतरीच होतंय. प्रोजेक्टवर चर्चा करायची असंल तर ‘मीट’ म्हण, ‘गेट ऑन अ कॉल’ म्हण. अजेंडा आला की हँग आउट संपलं. क्लायंटबरोबर कॉन्ट्रॅक्ट करायला बसलास आणि म्हणालास "आय वॉज हँगिंग आउट विथ द क्लायंट" तर तुझा बॉस विचारणार, मग काम कवा केलंस?

दुसरी गडबड ‘आउट’मुळं होती. आउट म्हंजे बाहेर हे पाचवीत शिकवलेलं डोक्यात पक्कं बसलेलं असतंय, म्हणून पोरांना वाटतं हँग आउट करायला घराबाहेरच पडायला पाहिजे. तसं काही नाही. "वी हंग आउट ॲट माय प्लेस ऑल डे", दिवसभर आमच्या घरीच होतो, हे अगदी रोजचं इंग्लिश आहे. गच्चीवर, हॉस्टेलच्या रूममध्ये, मामाच्या सोप्यात, कुठंही चालतंय. फ्रेजल व्हर्बमधल्या ह्या शेपट्या, आउट, अप, ऑफ वगैरे, त्यांचा मूळ अर्थ कधी शिल्लक असतो, कधी पार विरघळलेला असतो. आपण ‘करून टाकलं’ म्हणतो त्यात कुठं काय टाकलेलं असतंय? ‘बोलून बसला’ म्हणतो त्यात तो माणूस उभाच असतो की. मराठी माणसाला फ्रेजल व्हर्ब अवघड जायला नको खरंतर, आपण दिवसभर तेच करतोय, फक्त आपली शेपटी पण क्रियापदाचीच असते.

आणि हो, ‘बसणे’वरनं एक इशारा. वर मी बसलोय म्हंजे हँगिंग आउट असं सांगितलं, पण उलट्या बाजूनं जाऊ नकोस. आपल्याकडं "आज बसायचं का?" ह्याचा अर्थ सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्यात बाटली आलीच. "शॅल वी सिट टुनाइट?" असं इंग्लिशमध्ये विचारलं तर समोरचा खुर्ची शोधंल. आणि हँग आउटमध्ये दारू असलीच पाहिजे असं अजिबात नाही, ऊसाच्या रसावर पण हँग आउट होतंय, गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिताना पण होतंय. दारूसाठी बोलावायचं असंल तर ती माणसं सरळ "वॉना ग्रॅब अ ड्रिंक?" म्हणतात, लपवत नाहीत.

आपल्याकडं अजून एक भारी शब्द आहे, ‘पडीक’. "ते काय दिवसभर तालमीत पडीक असतंय." हे पण हँग आउटच, "ही हँग्ज आउट ॲट द तालीम ऑल डे", पण चव वेगळी. पडीक म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात थोडा राग असतो, घरची आई किंवा बायको बोलत असती बहुतेक. इंग्लिशमध्ये तो राग आणायचा असंल तर आउट काढून अराउंड लावतात. "ही जस्ट हँग्ज अराउंड द चौक ऑल डे." हँग अराउंड म्हंजे रेंगाळणे, घुटमळणे. पोलीस कट्ट्यावरच्या पोरांना हाकलताना म्हणणार "डोन्ट हँग अराउंड हिअर", तिथं आउट नाही येणार. अर्थात अराउंड दरवेळी वाईटच असतं असं पण नाही, "आय विल हँग अराउंड टिल यू फिनिश" म्हंजे तुझं होईपर्यंत मी हितंच आहे, थांबतो. पण सूर थांबण्याचा, वाट बघण्याचा.

हा शब्द नव्या पोरांनी काढलाय असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडा इतिहास, मला ह्यात रस आहे म्हणून सांगतो, नको असंल तर पुढं जा. १८११ साली लंडनमध्ये चोर-भामट्यांच्या बोलीची एक डिक्शनरी निघाली होती, तिच्यात हँग आउट आहे, आणि अर्थ आहे राहणे, मुक्काम असणे. तिथलं उदाहरणच असं आहे की आपण कुठं राहतो ते पोलिसांना कळलंय. त्यानंतर १८३६-३७ मध्ये डिकन्सची पिकविक पेपर्स ही कादंबरी हप्त्याहप्त्यानं छापून येत होती, त्यात एक मेडिकलचा उनाड विद्यार्थी पिकविक साहेबांना विचारतो की म्हाताऱ्या, तू हँग आउट कुठं करतोस, म्हंजे उतरलायस कुठं. आणि साहेब लई गंभीरपणे सांगतात की सध्या मी अमुक खानावळीत ‘सस्पेंडेड’ आहे, लटकलेला आहे. म्हंजे त्या काळात पण हा शब्द पोरकट आणि गमतीचा वाटत होता, आणि सभ्य माणसाला त्यातलं ‘टांगणं’ ऐकू येत होतं, आपल्या उचगावच्या पोरीला आलं तसंच. टांगण्याचा आणि राहण्याचा संबंध काय, तर एक मत असं की जुन्या काळी दुकानदार, खानावळवाले दाराबाहेर आपली पाटी टांगायचे, जिथं पाटी टांगली तिथं माणूस सापडणार. अमेरिकेत अजून नवीन वकिलानं ऑफिस टाकलं की "ही हंग आउट हिज शिंगल" म्हणतात, शिंगल म्हंजे ती पाटी. राहण्यावरनं मग नेहमी सापडण्याची जागा, आणि त्यावरनं नुसता वेळ घालवणं, असा अर्थ घसरत आला.

आता व्याकरण, जितकं लागतं तितकंच. माणसाच्या आधी ‘विथ’ पाहिजे, जागेच्या आधी ‘ॲट’ किंवा ‘इन’. "आय हँग आउट विथ देम", "वी हँग आउट ॲट रंकाळा". विथ गाळून "आय हँग आउट देम" म्हणालीस तर तू त्यांना दोरीवर वाळत घातलंस असं होतंय. आणि खरंच धुण्याबद्दल बोलायचं असंल तेव्हा विथ नको, तिथं कर्म लागतं आणि शब्द मधनं तुटतो पण, "हँग आउट द वॉशिंग" किंवा "हँग द वॉशिंग आउट", दोन्ही बरोबर, पण ‘देम’ आलं तर ते मध्येच जाणार, "हँग देम आउट". वेळ घालवण्याच्या अर्थात मध्ये कधीच काही शिरत नाही.

भूतकाळ ‘हंग आउट’. ‘हँग्ड’ नाही. हे मी फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं असंल, कारण हँगचा भूतकाळ ‘हँग्ड’ फक्त फाशीसाठी ठेवलेला आहे. एका पोरानं रविवारच्या पॅराग्राफमध्ये लिहून आणलं होतं, "आय हँग्ड माय फ्रेंड ॲट रंकाळा अँड देन वी एट भेळ." म्हंजे मित्राला रंकाळ्यावर फाशी दिली आणि मग दोघांनी भेळ खाल्ली. तो कागद क्लासमध्ये फिरला, त्या दिवसापासनं त्या बॅचमध्ये हंग कुणी चुकलं नाही. ‘हँगआउटेड’ असं पण काही नसतंय, हल्ली रील्समध्ये ऐकू येतं, वापरू नकोस.

लिहिताना क्रियापद असलं की दोन शब्द, हँग मग जागा सोडून आउट. नाम असलं, म्हंजे नेहमीचा अड्डा, की एकच शब्द, हँगआउट. ताराबाई पार्कात नवीन कॅफे निघाला की बोर्डवर ‘बेस्ट हँगआउट इन टाउन’ लिहितात ते बरोबर आहे, तिथं नाम आहे. बोलताना पण फरक पडतोय. क्रियापदात जोर आउटवर, नामात जोर हँगवर. आणि उच्चारात तो ग दाबू नको. आपली पोरं ‘हँग्ग आउट’ म्हणत्यात, ग चांगला ठोकून. इंग्लिशमध्ये तिथं ग सुटा ऐकूच येत नाही, वाङ्मय म्हणताना जो ङ येतो तो आणि लगेच त्याला चिकटून आउट, ‘हॅङाउट’ असं काहीतरी. दहा वेळा मोठ्यानं म्हण, घरच्यांनी विचारलं तर सांग सरांनी सांगितलंय.

हँगचं खानदान मोठं आहे आणि त्यातल्या दोघांत गोंधळ झाला तर नोकरीवर बेतंल. हँग ऑन म्हंजे थांबा जरा. हँग अप म्हंजे फोन ठेवणे. आमच्या एका विद्यार्थ्याला कॉल सेंटरमध्ये लागल्या लागल्या कस्टमरची फाइल शोधायची होती, त्याला म्हणायचं होतं एक मिनिट होल्ड करा, म्हणाला "सर, प्लीज हँग अप." कस्टमरनं आज्ञाधारकपणे फोन ठेवला आणि नंतर तक्रार केली. हँग इन देअर म्हंजे टिकून राहा, धीर सोडू नको, परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या वेळी म्हणतात. आणि एक जरा फसवा आहे, "दे हंग हिम आउट टु ड्राय". ह्यात धुणं दिसतंय, पण अर्थ आपल्या ‘वाऱ्यावर सोडलं’चा. टीमनं चूक केली आणि वरच्यांनी एकट्या ज्युनिअरला पुढं करून हात वर केले, तर हे वाक्य. ऑफिसात ऐकू येतंय हे, तेव्हा कान उघडे ठेव.

आता शेजारचे शब्द. तू बाहेरगावी एकटी जाणार म्हणून मोकळेपणानं सांगतो, राग मानू नको. "गोइंग आउट विथ फ्रेंड्स" साधं, बाहेर जाणं. पण "शी इज गोइंग आउट विथ हिम" म्हंजे त्यांचं जुळलंय. एकच माणूस आणि ‘गोइंग आउट विथ’ एकत्र आलं की अर्थ बदलला. तिथं हँग आउट वापरलंस तर अंगावर येत नाही, म्हणून तर लोक वापरतात. हूक अपपासनं लांब राहा. वायर, प्रिंटर, स्पीकर जोडायला हूक अप चालतंय, पण दोन माणसांबद्दल आता त्याचा अर्थ सरळ सरळ शारीरिक घेतात, आणि आपल्याकडं अजून काही सिनिअर लोक भेटू या म्हणून "लेट्स हूक अप नेक्स्ट वीक" असं मेलात लिहितात, मी दोनचार जणांना बाजूला घेऊन सांगितलंय. नुसतं ‘चिल’ चालतं, पण त्याच्या आधी नेटफ्लिक्स लागलं की ते पण त्याच गल्लीत जातंय. बऱ्याच दिवसांनी भेटून इकडचं तिकडचं बोलायचं असंल तर ‘कॅच अप’, वेळ-जागा ठरवून भेटायचं असंल तर ‘मीट अप’, हे दोन्ही कुठंही चालतात, बॉससमोर पण.

कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही ह्याचा साधा अंदाज सांगतो. अमेरिकेत लहान पोरं ‘प्ले’ करतात, त्यांच्या आया ‘प्लेडेट’ ठरवतात. पोरं सातवी-आठवीला आली की खेळायला चाललोय म्हणायची लाज वाटायला लागती, मग तेच ‘हँग आउट’ होतंय. पुढं कॉलेजात, नोकरीत, चाळिशीत पण सुरूच राहतंय. बापाबद्दल पण म्हणतात. "आय हंग आउट विथ माय डॅड ओव्हर द वीकेंड", हे ऐकून आपल्याला जरा विचित्र वाटतंय, आपल्यात वडिलांच्यासमोर सगळी गप्प बसणार, त्यात हँग आउट कसलं. पण इंग्लिशमध्ये त्यात अपमान नाही, उलट बाप-लेकाचं जमतंय असं ऐकणाऱ्याला वाटतं. नातं बरोबरीचं किंवा सैल असलं की शब्द बसतो. नवीन व्हाइस प्रेसिडेंट आला आणि पहिल्याच भेटीत तूच त्याला म्हणालीस लेट्स हँग आउट, तर जरा जास्तच होतंय. त्यानं तुला म्हटलं तर चालतंय. हा फरक शिकवून येत नाही, आपल्यात अहो-जाहो कुठं सुटतं हे जसं कळतंय तसंच आहे ते.

आयईएलटीएस, म्हंजे परदेशी जायला लागती ती इंग्लिशची परीक्षा, देणारी पोरं हे वाचत असतील तर, स्पीकिंगमध्ये मोकळ्या वेळाचा, मित्रांचा प्रश्न आला की हँग आउट बिनधास्त वापरा, बोलणं नैसर्गिक वाटतं. रायटिंगच्या निबंधात मात्र ‘स्पेंड टाइम टुगेदर’ किंवा ‘सोशलाइज’ लिहा. आणि बायोडेटात हॉबीजखाली ‘हँगिंग आउट विथ फ्रेंड्स’ लिहू नका रे, ते म्हंजे छंद: कट्ट्यावर बसणे.

तुझ्या दुसऱ्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल का वाटला हे मात्र मला लगेच कळलं. गूगलनं २०१३ साली हँगआउट्स नावाचं ॲप काढलं होतं, चॅट आणि व्हिडिओचं, जीमेलच्या कडेलाच दिसायचं, २०२२ च्या नोव्हेंबरात बंद केलं. त्या काळात ज्यांनी कंपनीची कामं त्याच्यावर केली त्यांच्या डोक्यात हँगआउट म्हंजे मीटिंग असं बसलं, आणि मीटिंग म्हंजे तर हँग आउटच्या बरोबर उलटं. त्यात भर म्हणून आपले मोबाईल हँग होतात, मारत्यात, त्यामुळं हँग म्हटलं की काहीतरी बिघडलंय असंच आधी वाटतंय. एक गंमत सांगतो, अमेरिकेत नुसता ‘हँग’ कौतुकाचा असतो. "ही इज अ गुड हँग" म्हंजे ह्या माणसाबरोबर वेळ मजेत जातो. आणि पोरं तर आउट गाळून टाकतात, "वॉना हँग?" एवढंच.

आता तुझा सीनिअर. "व्हेन यू आर इन ऑस्टिन, वी शुड हँग आउट." ह्यातलं ‘वी शुड’ बघ. अमेरिकन माणूस ‘वी शुड समटाइम’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा तो फक्त चांगुलपणा दाखवत असतोय, बोलावणं अजून आलेलं नाही. आपल्यात "या की एकदा घरला" म्हणतात, फरक इतकाच की कोल्हापुरात तू खरंच गेलीस तर जेवल्याशिवाय सोडणार नाहीत आणि वर पांढऱ्या रश्श्याची वाटी परत भरणार, तिथं न सांगता गेलीस तर दार उघडणारा गोंधळंल. खरं बोलावणं ओळखायचं तर त्यात वार आणि वेळ असते. "आर यू फ्री सॅटर्डे?" आलं की ते खरं. तोपर्यंत तू फिक्स तारीख, अजेंडा, कॅलेंडर इन्व्हाइट मागायचं नाही, आणि तू मागणार हे मला माहीत आहे म्हणून मुद्दाम लिहितोय.

डेटची शंका राहिली असंल तर शब्दावर जाऊ नको, बाकीच्या गोष्टी बघ. दोघंच का, रात्रीचं जेवण का, "जस्ट द टू ऑफ अस" म्हणाला का. तिथं ऑफिसातली बाई-माणसं सगळी मिळून सहज हँग आउट करतात, लेडी बर्ड लेकच्या काठानं चालायला जातात, झिल्कर पार्कात गवतावर पडतात. तो लेक म्हंजे ऑस्टिनचा रंकाळाच, फक्त तो कोलोरॅडो नदी अडवून झालाय, आणि ही कोलोरॅडो टेक्सासमधली बरं का, ग्रँड कॅन्यनमधली ती वेगळी. तरी तुला एकटीला जायचं नसंल तर उत्तरातच सगळ्यांना गोळा करून टाक, कुणाला वाईट वाटणार नाही. असं लिही: "साउंड्स फन! आय विल बी देअर फॉर टू वीक्स, वुड लव्ह टु हँग आउट विथ यू गाइज." बास. ‘यू गाइज’मध्ये अख्खी टीम आली आणि तू किती दिवस आहेस हे पण कळलं. टेक्सासमध्ये ‘यू ऑल’चं ‘यॉल’ सारखं ऐकू येईल, गोड वाटतंय ऐकायला, पण गेल्या गेल्या तू वापरू नको, उसनं वाटतंय. आणि नको असंल तर "आय विल बी प्रिटी टाइड अप विथ वर्क, बट लेट्स ग्रॅब कॉफी ॲट द ऑफिस" म्हण. टाइड अप म्हंजे कामात अडकलेली, बांधलेली नव्हं.

राहिलं ‘हँग टाइट’. ते थांबण्याचंच, पण ‘हँग ऑन’पेक्षा जरा लांबचं थांबणं. हँग ऑन सेकंदा-मिनिटाचं असतंय, हँग टाइट तासाचं, दिवसाचं, कधी आठवड्याचं पण, आणि त्यात एक आश्वासन असतंय की काम चालू आहे, तू काही करायची गरज नाही. म्हंजे लेटर तयार होतंय, एचआर पाठवणार. तेव्हा आज त्यांना तिसरा रिमाइंडर मेल टाकू नकोस.